टेक्सासमध्ये डिपॉझिट परत मिळवताना: पत्ता लेखीच द्या

डॅलसमधलं अपार्टमेंट सोडलं तेव्हा भाड्याचा एक डॉलरही थकलेला नव्हता. तरी १,४०० डॉलरचं डिपॉझिट पूर्ण हातात पडायला तीन महिने लागले. घोडं अडलं ते एका पत्त्यापाशी.

टेक्सासचा कायदा घरमालकाकडे झुकलेला आहे. डिपॉझिट किती घ्यावं याला राज्याची मर्यादा नाही. भाडेकरूला जे हक्क आहेत, त्यातले बरेचसे लेखी कळवल्याशिवाय लागूच होत नाहीत. मला हे उशिरा समजलं.

घराचा ताबा परत दिल्यापासून ३० दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करावं, असं प्रॉपर्टी कोडचं (टेक्सासच्या मालमत्ता कायद्याचं) कलम ९२.१०३ सांगतं. बहुतेक जण इथवरच वाचतात. मीही तेवढंच वाचलं होतं. पुढे ९२.१०७ आहे: तुम्ही नवा पत्ता लेखी देईपर्यंत पैसे परत करायचं किंवा कपातीचा हिशेब द्यायचं बंधन मालकावर नाही. मी चाव्या देताना काउंटरवर पत्ता तोंडी सांगितला आणि समोरच्या बाईंनी तो कागदावर टिपूनही घेतला. ३१व्या दिवशी फोन केला तर उत्तर आलं, "फाइलमध्ये पत्ता नाही." पुढच्या फोनला "मॅनेजर आल्या की बोला." त्यापुढच्या फोनला "हिशेब मुख्य ऑफिस बघतं." दोन आठवडे ही टोलवाटोलवी चालली. कायदा त्यांच्या बाजूने होता, हे जास्त झोंबलं. पत्ता दिला नाही म्हणून हक्क बुडत नाही, हेही त्याच कलमात आहे, पण पैसे लांबतात.

मग पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट लावून पत्र पाठवलं. सही होऊन परत येणारं हिरवं कार्ड ही तुमची पोच, ते जपून ठेवा. पत्रात युनिट नंबर, लीजवरची सगळी नावं, चाव्या दिल्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि नवा पत्ता लिहा. खाली कलम ९२.१०९ चा उल्लेख हवाच: वाईट हेतूने पैसे अडवले तर १०० डॉलर, अडवलेल्या रकमेच्या तिप्पट आणि वकिलाची वाजवी फी मालकाच्या अंगावर येते. असा दावा २०,००० डॉलरपर्यंत जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) वकिलाशिवाय लावता येतो.

२६ दिवसांनी चेक आला, पण कार्पेटचे ३५० डॉलर कापून. रोजच्या वापराने होणारी झीज डिपॉझिटमधून कापता येत नाही (९२.१०४). राहायला आलो तेव्हाचे तारखेचे फोटो आणि घराच्या स्थितीचा फॉर्म जोडून दुसरं पत्र धाडलं, तेव्हा उरलेले पैसे मिळाले. तो फॉर्म भरून द्यायला माझ्या लीजमध्ये ४८ तास होते. तुमच्या लीजमधली मुदत पहिल्याच दिवशी बघा, प्रत्येक डाग लिहा, प्रत घ्या.

आणखी एक. ३० दिवस मोजताना चेक घरी कधी पोचला ते नाही, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघतात. पाकीट फेकू नका.

आणि "डिपॉझिट आहेच की" म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं अडवू नका. कलम ९२.१०८ प्रमाणे वाईट हेतूने अडवलेल्या भाड्याच्या तिप्पट दंड मग तुमच्यावर येऊ शकतो.