१० लाखाची लॉटरी आणि पिशवीभर तिकिटं

मी टॅक्स रिटर्न भरायची कामं करते. फेब्रुवारीत एक वॉचमन काका काकूंना घेऊन आले, महाराष्ट्र राज्य लॉटरीत १० लाख लागलेले पण खात्यात आले ७ लाख. म्हणे, "मॅडम, बजेटमध्ये १२ लाखापर्यंत टॅक्स नाही म्हणाले, मग माझे ३ लाख परत मिळतील ना?"

आता कसं सांगायचं! लॉटरीला वेगळं कलम लागतं, सरसकट ३० टक्के, तुमचा पगार महिन्याला १५ हजार असला तरी ४ लाखापर्यंतची मूळ सूट नाही, १२ लाखवाली रिबेट नाही, टॅक्स आधीच कापू नका म्हणून द्यायचा फॉर्मपण चालत नाही. त्या टॅक्सवर ४ टक्के सेस, तो टीडीएसमध्ये (बक्षीस देतानाच कापतात तो टॅक्स) कापलेलाच नसतो, म्हणजे परत मिळायचं सोडाच, अजून १२ हजार भरायचे, तेही १५ मार्चपर्यंत नाहीतर व्याज. खूप वाईट वाटलं मला.

मग काकांनी पिशवी काढली. रबर लावलेले जुन्या तिकिटांचे गठ्ठे. खर्च दाखवला की टॅक्स कमी होतो असं कुणीतरी सांगितलेलं. धंद्यात होतो हो, लॉटरीत एक रुपयापण वजा होत नाही. काही तिकिटांवर पेनाने गोल केलेले, "हे बघा, एका आकड्याने हुकलं." पण पाच आकड्यांचे एक लाख नंबर, त्यात सीरिज वेगळ्या, शेजारचा नंबर लागला म्हणजे आपली पाळी जवळ आली असं काही नसतं, पुढच्या सोडतीला सगळं पहिल्यापासून.

हे समजावतेय तोवर काकूंनी माझा कॅल्क्युलेटर ओढला आणि तिकिटांवरच्या किमतींची बेरीज सुरू केली. घरात एवढी तिकिटं आहेत हे त्यांना त्या दिवशीच कळलं! लाखाच्या वर आकडा गेला तेव्हा निम्मे गठ्ठे बाकी होते. मला म्हणाल्या, "एवढे पैसे जातात कुठं?"

तिकिटाच्या किमतीतूनच जीएसटी जातो (सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के केलाय), विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा वाटा, आणि उरलेल्यातून बक्षिसं. ही लॉटरी १९६९ पासून चालू आहे, पण घेणाऱ्या सगळ्यांचे मिळून पैसे कमीच होणार. स्टॉलवर बक्षिसाचा आकडा एवढा मोठा लिहितात, कापून हातात किती येणार तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

काकूंनी तिथेच ठरवलं, १२ हजार आजच भरा, बाकीची दोघांच्या नावावर एफडी. चलन लगेच भरून दिलं. जुलैत रिटर्नचा आयटीआर २ हा फॉर्म भरायचाय, कारण आयटीआर १ मध्ये लॉटरीचं उत्पन्न दाखवता येत नाही, स्वतः पोर्टलवर भरणाऱ्यांनी हे नक्की बघा.