आयआरक्यू ५ वरची ती भांडणं आणि पीसीआय

परवा आवराआवरीत एक जुनं आयएसए (पीसीत कार्डं जोडायची जुनी बस, म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर जोडणारा तारांचा मार्ग) साउंड कार्ड हाताला लागलं, त्याच्यावरचे इवलेसे जंपर (हाताने हलवून सेटिंग बदलायच्या टोप्या) बघितले आणि ती सगळी रात्र आठवली. साउंड कार्ड आयआरक्यू ५ वर (आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरचं लक्ष वेधायची इंटरप्ट लाइन), नवीन लावलेलं नेटवर्क कार्ड पण ५ वरच, आवाज सुरू झाला की मशीन गारठायचं. कव्हर काढा, जंपर हलवा, बूट करा, परत तेच. आपण कोण, आपल्याला काय हवंय हे सांगायची सोयच त्या कार्डांना नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीत ही आयएसए बस ८ बिटची होती, १९८४ च्या आयबीएमच्याच पीसी एटीत १६ बिटची झाली, पण कुठला पत्ता कुणाचा आणि कुठली इंटरप्ट लाइन कुणाची हा हिशोब माणसानेच ठेवायचा.

१९८७ ला आयबीएमने मायक्रो चॅनेल आणलं, ३२ बिट, जंपर नाहीत, सेटिंग फ्लॉपीवरून. चांगलीच बस होती ती, पण जुनं एकही कार्ड त्यात बसेना आणि बाकीच्या कंपन्यांना लायसन्सचे पैसे भरावे लागणार. मग कॉम्पॅक आणि अजून ८ कंपन्यांनी मिळून ईआयएसए काढली, तिचा स्लॉट मला अजून आवडतो, दुमजली! जुनं आयएसए कार्ड वरच्या कॉन्टॅक्टवरच अडायचं, नव्या कार्डाला खाचा असायच्या म्हणून ते खालपर्यंत जायचं. वेसा लोकल बस तर इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या बसलाच बांधलेली, ४८६ गेला तशी तीही गेली.

आणि मग १९९२ ची इंटेलची पीसीआय. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १३३ एमबी, पण मला वेग नाही, कॉन्फिगरेशन स्पेस भारी वाटते. प्रत्येक कार्डात २५६ बाइट्सची जागा, सुरुवातीलाच बनवणाऱ्याचा नंबर आणि डिव्हाइसचा नंबर. मेमरी किती हवी हे विचारायची पद्धत तर बघाच, बायोस (मशीन सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्राम) या जागेतल्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये सगळे १ लिहितो आणि परत वाचतो, जे खालचे बिट ० च राहिले (शेवटचे काही फ्लॅग सोडून) त्यावरून साइज कळते, मग कार्डाला मोकळा पत्ता देऊन टाकतो. एवढ्याशा युक्तीने जंपर संपले. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो होतो.

पीसीआयची अडचण वेगळी होती, सगळी कार्डं त्याच तारा वाटून घेणार, आणि ३२ तारांवरचे बिट एकाच वेळी पोचायला हवेत, क्लॉक वाढवला की तेच जमेना. म्हणून २००३ ला पीसीआय एक्सप्रेसने उलटं केलं, एका लेनला सिग्नलच्या फक्त ४ तारा, २ जायला २ यायला, आणि पहिल्याच पिढीत एका दिशेला २५० एमबी. इलेक्ट्रिकली जुन्या पीसीआयशी काही नातं नाही. पण कॉन्फिगरेशन स्पेस वाढवून ४०९६ बाइट्स केली तरी पहिले २५६ तसेच ठेवले, त्यामुळे पीसीआय ओळखणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिमही या नव्या मशीनवर बूट व्हायची.

आत्ता हे लिहिताना लिनक्सवर एलएसपीसीआय (पीसीआय डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघितलं, माझी पीसीआय एक्सप्रेसवरची एनव्हीएमई एसएसडी त्या यादीत आहे, तेच दोन नंबर सांगत.