धरण भरले म्हणजे नेमके काय भरले?

स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच. मी भूगोलाच्या वहीतले थोडे पुन्हा उघडतो, कारण नाशकात पावसाळा लागला की ती वही रोज लागते.

‘धरण भरले’ हे काटेकोर पाहिले तर चूक. धरण ही नदीला आडवी घातलेली भिंत; भरतो तो तिच्यामागचा जलाशय. पण यावर मी कुणाशी वाद घालत नाही. गोदावरीला आपण गंगा म्हणतो म्हणून कुणी हरिद्वारला पोहोचत नाही. घाटाचेही तेच. रामकुंडाच्या पायऱ्या घाट, कसाऱ्याचा चढही घाट, बोलण्यावरून कळते.

खरा घोळ होतो तो क्युसेकचा. ‘गंगापूर धरणातून ५,००० क्युसेक पाणी सोडले’ हे वाचून पाणी किती गेले ते कळतच नाही. क्युसेक हा वेग आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. टीएमसी हा साठा: १०० कोटी घनफूट. तेच ५,००० क्युसेक सहा तास चालले तर जेमतेम ०.११ टीएमसी, चोवीस तास चालले तर ०.४३. पुरा एक टीएमसी एका दिवसात जायला ११,५७४ क्युसेक लागतात. किती तास सोडले हे नसेल तर बातमी अर्धीच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, ही तिसरीच गोष्ट: पातळी.

होळकर पुलाखालचा आकडा गंगापूरच्या विसर्गापेक्षा मोठा दिसला की लोकांना लपवाछपवीचा संशय येतो. लपवलेले काही नसते. धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस नाल्यानाल्यांतून वाटेतच नदीला मिळतो. उलट, शहरात कितीही धो धो कोसळला तरी गंगापूरचा साठा त्याने वाढत नाही. तो वाढतो त्र्यंबक, आंबोलीकडच्या पावसाने. ते पाणलोट क्षेत्र. कालव्याखाली भिजणारी शेते हे लाभक्षेत्र. ‘पाणलोटात पाणी सोडले’ असे छापून येते तेव्हा बहुधा लाभक्षेत्र म्हणायचे असते.

काठ ठरवताना तोंड प्रवाह जातो त्या दिशेला करायचे. म्हणून पंचवटी डाव्या काठावर, जुने नाशिक उजव्या. पुलावर वरच्या अंगाला तोंड करून उभे राहिलात की सगळे उलटे. पुराच्या दिवशी फोनवर डावा-उजवा सांगूच नका. पंचवटीकडून की जुन्या नाशकाकडून, एवढे पुरे.