कोपऱ्यातली जेली आधी

कँडी क्रश या मोबाइल गेममध्ये शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून तीन सारख्या ओळीत आणल्या की त्या फुटतात, आणि जेलीच्या लेव्हलला गोळ्यांखालची सगळी जेली ठरावीक चालींत काढायची असते. ही लेव्हल अडते ती बहुतेक वेळा कोपऱ्यातच. मधली जेली आपसूक निघत जाते, खाली डावीकडे दोन आणि उजव्या कडेला एक असे चुकार तुकडे राहतात आणि चाली संपतात. खापर मग नशिबावर फुटतं. नशीब असतंच म्हणा, पण त्याच्या आधी थोडं गणित आहे.

९ बाय ९ चा भरलेला बोर्ड घ्या. मधल्या एखाद्या घरातून तीन-तीनच्या सहा ओळी जातात, ३ आडव्या आणि ३ उभ्या. म्हणजे त्या घरातली गोळी फुटायला सहा वाटा. कडेच्या घराला ४ वाटा, कोपऱ्याला खेटून असलेल्या कडेच्या घराला ३ आणि खुद्द कोपऱ्याला फक्त २. बोर्ड मध्येच कापलेला असेल, तर असे कोपरे आतही तयार होतात. त्यामुळे पहिली चाल करण्याआधी या अवघड घरांखाली जेली कुठे आहे आणि ती एकपदरी आहे की दुपदरी, म्हणजे एका फटक्यात निघणारी की दोन, हे बघून घ्यावं. मर्यादा चालींना आहे, घड्याळ लावलेलं नाही. थोडा वेळ थांबलं की गेम एक चाल चमकवून दाखवतो. ती फक्त शक्य असलेली चाल असते, चांगली असेलच असं नाही. तिच्या मागे लागू नये.

त्यानंतर रंग मोजायचे. कुठल्याही ठरावीक तीन घरांत योगायोगाने एकच रंग पडण्याची शक्यता ४ रंगांना १६ त १, ५ रंगांना २५ त १ आणि ६ रंगांना ३६ त १. 'नेहमी खालून खेळा, वरचं कोसळून आपोआप फुटतं' हा सल्ला सगळेच देतात. चार रंगांच्या लेव्हलला तो सोन्यासारखा आहे. सहा रंगांना मात्र कोसळण्यावर भिस्त ठेवली की चाली हकनाक जातात. तिथे खास गोळी स्वतः बनवून योग्य जागी न्यावी लागते.

बहुतेकांचं चुकतं ते या 'योग्य जागी' मध्ये. चार सारख्या गोळ्या आडव्या जुळवल्या की उभ्या पट्ट्यांची स्ट्राइप्ड बनते आणि ती अख्खा उभा रकाना साफ करते. उभ्या जुळवल्या तर पट्टे आडवे येतात आणि आडवी ओळ साफ होते. डावा रकाना साफ करायचा म्हणून अनेकजण डाव्या कडेपासून चारची आडवी ओळ लावतात आणि स्ट्राइप्ड दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात बघून वैतागतात. दुसरं काही होणारच नाही. आपण सरकवलेली गोळी जिथे येऊन ओळ पुरी करते, तिथेच स्ट्राइप्ड जन्मते, आणि चारच्या ओळीत ती जागा मधल्या दोनपैकीच एक असते. टोकाला ती असू शकत नाही, कारण मग उरलेल्या तीन आधीच जुळून फुटल्या असत्या.

म्हणून कडेचा रकाना दोन टप्प्यांत घ्यायचा. समजा, दुसऱ्या रकान्यात, वरून पाचव्या ओळीत लाल उभी स्ट्राइप्ड तयार आहे. आता पहिल्या रकान्यात सहाव्या आणि सातव्या ओळीत लाल येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आजूबाजूला खेळत राहायचं, पण तिच्या खालच्या गोळ्या फोडायच्या नाहीत, नाहीतर ती घसरून बेत फिसकटतो. दोन लाल जागेवर आल्या की स्ट्राइप्ड डावीकडे सरकवायची. तिघी उभ्या जुळतात आणि पट्टा पहिल्या रकान्यातून वरपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत जातो.

तळाची ओळ त्या मानाने सोपी. चार गोळ्या अगदी तळाला टेकून उभ्या जुळवा. आडव्या पट्ट्यांची स्ट्राइप्ड सातव्या किंवा आठव्या ओळीत बनते, खालच्या जोडीदार गोळ्या नाहीशा होतात आणि ती स्वतःच नवव्या ओळीत घसरते. तिथे फुटली की तळाच्या दोन्ही कोपऱ्यांचा एकेक पदर एकदम निघतो. वाटेत काळ्या लिकोरिसचा वेटोळा हा अडथळा असेल तर मात्र पट्टा तिथेच अडतो. तो आधी शेजारी तीन गोळ्या जुळवून काढावा.

दुपदरी जेलीवर रॅप्ड कामाची, म्हणजे एल किंवा टी आकारात पाच जुळवून मिळते ती. ती ३ बाय ३ मध्ये दोनदा फुटते. पण पहिल्या स्फोटानंतर खाली जागा मोकळी झाली की ती खाली पडते आणि दुसरा स्फोट तिथून होतो. बोर्डाच्या मध्यावर फोडली तर दोन्ही स्फोट एकाच जागी बसत नाहीत आणि वरच्या घरांचा दुसरा पदर तसाच राहतो. तळाशी टेकलेली असेल तर पडायला जागाच नसते. जोडीचं म्हणाल तर दोन स्ट्राइप्ड एकमेकींत सरकवल्या की एक ओळ आणि एक रकाना, म्हणजे १७ घरं जातात. स्ट्राइप्ड आणि रॅप्ड एकत्र केल्या तर तीन ओळी आणि तीन रकाने, ४५ घरं. एकेकटी फोडून टाकण्याचा मोह आवरावा तो यासाठी.

बोर्डावर चॉकलेट हा पसरणारा अडथळा असेल तर हिशोब बदलतो. ज्या चालीत एकही चॉकलेट फुटत नाही, त्या चालीनंतर ते एक घर गिळतं. आधी दोन असोत की दहा, वाढ एकाच घराची. सुरुवातीला दोन-तीनच असतील आणि हाताशी असतील, तर सगळं सोडून ती संपवा. चॉकलेट ओकणारं यंत्र बोर्डावर नसेल तर पुन्हा उगवत नाहीत. चॉकलेट फुटतं ते शेजारी जुळवलं की, आणि शेजारी म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिरक्या घरात जुळवून चॉकलेट फुटत नाही. उलट, चॉकलेट चारही बाजूंनी आयसिंगच्या ठोकळ्यांत कोंडलेलं असेल, तर त्याला गिळायला गोळीच मिळत नाही. ते असू द्यावं. घाईने ठोकळे फोडणं म्हणजे आपल्या हातानेच दार उघडून देणं. त्याच्याखाली जेली असेल तर आधी बाकीचा बोर्ड उरकून दोन खास गोळ्या तयार ठेवाव्यात आणि मग हात घालावा. चॉकलेट फुटलं म्हणजे जेली फुटली असं नाही, तिच्यासाठी त्या घरात आणखी एक फटका लागतो.

एक सांगायचं राहिलं. २०१२ मध्ये आलेल्या या गेममध्ये ६५ वी लेव्हल फार बदनाम होती. पुढे तिची मांडणी बदलत गेली, तशी इतरही अनेक लेव्हलची बदलली. जुना व्हिडिओ बघून चालीला चाल लावायला जाऊ नका, तुमचा बोर्डच वेगळा असेल. आणि सुटत नाही म्हणून कमीपणाही वाटून घेऊ नका. हा खेळ गणिती अर्थाने एनपी-हार्ड आहे, म्हणजे तो झटपट सोडवण्याची रीत संगणकासाठीही माहीत नाही अशा अवघड प्रश्नांच्या पंक्तीतला आहे, हे २०१४ मध्येच सिद्ध झालं आहे.

शेवटच्या पाच चाली उरल्या की जेलीचे तुकडे मोजा. सुटे, एकमेकांपासून लांब असलेले तुकडे तीनच्या साध्या जुळणीने काढायचे तर प्रत्येकी किमान एक चाल जाते, दुपदरी असेल तर दोन. तुकडे पाचाहून जास्त असतील तर साध्या तीन-तीन जुळवणं सोडून खास गोळीच्याच मागे लागा. लॉलीपॉपचा हातोडा असेल तर तो इथवर राखून ठेवलेला असावा. त्याला चाल खर्ची पडत नाही, पण एका फटक्यात एका घराचा एकच पदर जातो. म्हणून दुपदरी कोपऱ्याचा वरचा पदर आधी चालीने काढा आणि हातोडा खालच्या पदरावर मारा.