दोन आसनांची मेगान आणि वेल्समधला एप्रिल

माझ्या गाडीला मागची आसने नाहीत. ती मी काढलेली नाहीत. गाडी कारखान्यातूनच तशी बाहेर पडली. हे मी बाबांना पुण्याला फोनवरून किमान तीनदा सांगितले होते, तरी ब्रिस्टलला आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी त्यांनी डिकी उघडली, आत वाकून जमिनीच्या पत्र्यावर हात फिरवला आणि आसने जिथे असायला हवी होती तिथली रिकामी जागा बराच वेळ न बोलता पाहिली. बाबांनी चौतीस वर्षे एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काम केले. तिथे नुसती चासी येते आणि तिच्यावर बसची बॉडी उभी राहते. "एक सीट जास्त बसावी म्हणून आम्ही इंच इंच मोजायचो," ते म्हणाले, "आणि ह्यांनी सीटा काढून गाडी विकली. म्हणजे काहीतरी विचार केला असणार." त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांना वेल्सला न्यायचे ठरवले.

लंडनचे चार दिवस आणि बाथचा एक दिवस झाला. सगळीकडे गर्दी होती आणि बाबांचे गुडघे दुखले, याखेरीज त्यांविषयी माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही.

गाडी रेनोची मेगान आर-२६-आर आहे. २००८ साली ती आली, तेव्हा ४५० गाड्यांचीच योजना जाहीर झाली होती. नावातला आर-२६ हा त्याच कंपनीच्या २००६ च्या फॉर्म्युला वन मोटारीचा क्रमांक, कारण त्या वर्षी ती मोटार अजिंक्य ठरली होती. या गाडीत इंजिनाची ताकद वाढवलेली नाही. दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि २३० अश्वशक्ती हे आकडे साध्या मेगान आर-२६ चेच आहेत. त्यांनी केवळ वजन उतरवले. मागची आसने, रेडिओ, मागच्या काचेचा वायपर आणि आवाज अडवणारे अस्तर त्यांनी काढले, मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवले, बॉनेट कार्बन फायबरचे केले, आणि असे करत १२३ किलो कमी केले. त्याच वर्षी तिने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब उत्तर चक्राची फेरी ८ मिनिटे १७ सेकंदांच्या आत पूर्ण केली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, रस्त्यावर नेता येणाऱ्या कोणत्याही गाडीने तोवर इतकी जलद फेरी मारली नव्हती. बाबांनी मागच्या खिडकीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि आवाजावरूनच सांगितले, "काच नाही ही." मग एका हाताने बॉनेट उचलले, परत खाली ठेवले, पुन्हा उचलले. दुसऱ्यांदा उचलण्याचे कारण एवढेच होते की पहिल्यांदा त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास बसला नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. पारा चार अंशांवर होता. या गाडीचे टायर मुख्यतः ट्रॅकसाठी घडवलेले आहेत. ते तापले की रस्ता धरतात, पण थंड आणि ओल्या डांबरावर त्यांचा भरवसा धरू नये, म्हणून पहिला तासभर मी एखाद्या जुन्या, थकलेल्या गाडीसारखी ती चालवली. सहा टोकांचा पट्टा बाबांनी माझी मदत न घेता स्वतः लावला. आधी पट्टीची वीण चिमटीत धरून पाहिली, बकल दोनदा उघडून लावले आणि मगच खांद्यावरच्या पट्ट्या ओढल्या. सेव्हर्नच्या पुलावर टोलनाका कुठे गेला, असे त्यांनी विचारले. वेल्समध्ये शिरताना लागणारा तो टोल डिसेंबर २०१८ मध्ये कायमचा बंद झाला, हे ऐकून खालापूरचा नाका आठवल्यामुळे असेल, त्यांना मनापासून आनंद झाला.

अ‍ॅबरगवेनी ओलांडल्यावर ए-४० हा रस्ता अस्क नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला जातो. तिथे वसंत भेटला. ब्लॅकथॉर्नच्या काटेरी कुंपणांवर उरलासुरला पांढरा फुलोरा होता, गॉर्सची झुडपे हळदीसारखी पिवळी झाली होती, आणि उंच झाडे अजून पुरती न पालवल्यामुळे फांद्यांच्या आरपार टेकड्या दिसत होत्या. मे उजाडला की हेच रस्ते दोन्ही बाजूंच्या हिरवाईत बुडतात आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. म्हणून गाडी चालवण्यासाठी मला एप्रिलच आवडतो: पलीकडे ट्रॅक्टर आहे की घोडेस्वार, ते झाडांच्या पोकळीतून आधीच कळते.

वाटेतल्या गावांविषयी एक मत मांडते. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, आणि माझ्यासारख्या गाड्या बाळगणारे लोक तिच्याविषयी फार कडवट बोलतात. मला ती पटते. ज्यांच्या उंबऱ्यावरून आपण केवळ मौजेसाठी जातो, त्यांच्या दारात बत्तीस किलोमीटरच्या वेगाने जाण्यात आपले काहीही हरवत नाही. अस्तर काढलेली गाडी बाहेरच्या लोकांनाही अधिक ऐकू येते, आणि शनिवारी सकाळी साडेसातला कोणाचे तरी मूल झोपलेले असते.

लँडव्हरीच्या पुढे लँगाडॉग गावातून ए-४०६९ दक्षिणेला वळतो आणि ब्लॅक माउंटन ओलांडून ब्रिनामनला उतरतो. इथे सहा टोकांच्या पट्ट्याची एक अडचण सांगितली पाहिजे: तो लावल्यावर माणसाला पुढे वाकता येत नाही, त्यामुळे आडव्या रस्त्याला लागताना कडेच्या भिंतीपलीकडचे दिसत नाही. एकटी असले की मला फार थांबून, इंचाइंचाने पुढे जावे लागते. या वेळी बाबांनी मान वळवून पाहिले आणि म्हणाले, "डावीकडून मोकळं आहे. चल." सबंध प्रवासात ते काम त्यांनी सोडले नाही.

चढ सुरू होतो तिथे रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द लिहिलेले असतात, इंग्रजीत 'स्लो' आणि वेल्शमध्ये 'अराव'. वेल्श शब्दाचा अर्थ सावकाश, असे मी सांगितले. "वाहने सावकाश हाका," बाबा घाटातल्या पाटीच्या सुरात म्हणाले, आणि त्या क्षणापासून तो रस्ता त्यांच्यासाठी घाट झाला. पुढे ते त्याला घाटच म्हणत राहिले.

या घाटाविषयी लिहिण्यासाठीच मी बसले आहे. शेतांची कुंपणे संपतात, चाकांखाली गुरे अडवण्याच्या लोखंडी पट्ट्या खडखडतात आणि अचानक दोन्ही बाजूंना मोकळा डोंगर उरतो. टायर एव्हाना ऊबदार झाले होते, डांबर कोरडे होते आणि पुढचा अर्धा मैल स्वच्छ दिसत होता. मी तिसरा गिअर टाकला. या गाडीत रस्ता आधी हातांना आणि पाठीला कळतो, कानांना त्यानंतर, आणि डोळ्यांना सगळ्यांत शेवटी. कडेचा खडा चाकाने उडाला की तो पत्र्यावर वाजतो आणि कोणत्या चाकाने उडवला तेही समजते. डांबराचा पोत बदलला की स्टीअरिंगचे वजन किंचित बदलते. इथली मर्यादा ताशी ६० मैलांची आहे. मी बहुतेक चढ चाळिशीत चढले आणि तीव्र वळणांवर पंचविशीच्याही खाली आले, तरी एक क्षणही रिकामा गेला नाही. वेगासाठी घडवलेल्या गाडीची खरी गंमत वेगातच असते, असे मी हिला घेण्यापूर्वी मानत होते. वर्षातून दोनदा मी कासल कोमच्या ट्रॅकवर तिला मोकळी सोडते, आणि तो आनंद मोठा आहेच. पण तिथे ती माझ्यापेक्षा फार पुढे असते आणि मी तिच्यामागे धावत असते. या डोंगरावर आम्ही दोघी बरोबरीने चालतो.

उत्तरेकडच्या चढावर एक जवळजवळ मागे फिरणारे वळण आहे. त्याचे वेल्श नाव 'त्रोर गुकू', म्हणजे ककू पक्ष्याचे वळण. ककू आपल्या कोकिळेच्याच कुळातला; तो याच दिवसांत आफ्रिकेतून इथे परततो. मी ब्रेक सरळ रेषेतच आटोपला, दुसरा गिअर घेतला आणि वळण संपत येताना हलकेच पाय दाबला. अशा जागी साध्या गाडीचे आतल्या बाजूचे चाक हलके होऊन नुसते गरगरते आणि जोर वाया जातो. हिच्या पुढच्या चाकांमध्ये जोर अडवून धरणारे यांत्रिक डिफरेन्शियल आहे. ते तोच जोर बाहेरच्या चाकाकडे वळवते, आणि कोणीतरी नाकाला धरून गाडी आत ओढावी तशी ती वळणाच्या पोटाकडे खेचली जाते. बाबांनी डॅशबोर्डावर तळहात टेकवला होता. "आतलं चाक सुटलं नाही," ते म्हणाले. मी त्यांना डिफरेन्शियलविषयी एक शब्दही सांगितला नव्हता.

त्या वळणापासून थोडे वर रस्त्याच्या मधोमध एक मेंढी आडवी उभी होती आणि तिची दोन कोकरे तिला लुचत होती. मी दूरच थांबले आणि इंजिन बंद केले.

आणि मग ऐकू येऊ लागले. ज्या गाडीत आवाज अडवायला काहीच नाही, तिचे इंजिन गप्प झाले की सगळा डोंगर आत येतो. कोकरांचे चोखणे येत होते, वाऱ्याने गवत सळसळत होते, खाली कुठेतरी ओढा वाहत होता, आणि डोक्यावर एक चंडोल इतक्या उंचावर गात होता की बराच वेळ शोधूनही तो आम्हांला दिसला नाही. ककू मात्र ऐकू आला नाही. मेंढीच्या आणि दोन्ही कोकरांच्या कुशीवर निळ्या रंगात एकच आकडा लिहिलेला होता. कोणते कोकरू कोणाचे हे मालकाला कळावे म्हणून तसे करतात. "चासी नंबर आणि बॉडी नंबर जुळायला पाहिजेत," बाबा हळू आवाजात म्हणाले. मग बोरघाटातल्या शिंगरोबाची आठवण त्यांनीच काढली. घाटाची वाट साहेबाला त्या धनगराने दाखवली असे सांगतात; येता-जाता चालक त्याच्या देवळाशी नाणे टाकतात. "हा पण धनगरांचाच घाट दिसतोय," ते म्हणाले, "पण देऊळ नाही कुठे." दहा मिनिटे झाली असतील. आमच्या मागे एक शेतकरी बाई जीप घेऊन येऊन थांबली, तिनेही इंजिन बंद केले आणि भोंगा वाजवला नाही. या प्रवासात कोणी केलेल्या पाहुणचारांपैकी मला हाच सर्वांत मोठा वाटतो.

माथा सुमारे ४९० मीटरवर आहे. तिथे चुनखडीच्या जुन्या खाणी आणि पडक्या भट्ट्या आहेत. या डोंगरातला दगड भाजून केलेला चुना खालचे शेतकरी आपल्या आंबट जमिनींवर पसरायला नेत असत. बाबांना भट्ट्यांची तोंडे जवळून पाहायची होती आणि आम्ही पाहिलीही, पण तिथे फार वेळ थांबता आले नाही. मोटारींच्या कार्यक्रमांमुळे हा रस्ता प्रसिद्ध झाला आहे, आणि गाड्यांचा एक तांडा थांब्यावर उभा राहून जागच्या जागी इंजिने किंचाळवत होता. त्यांत माझ्या गाडीची भावंडेही होती. ज्या डोंगरावर उभे राहून शंभर फुटांवरचा चंडोल ऐकू येतो, तिथे थांबलेल्या गाडीचे इंजिन फिरवण्यात कोणता आनंद आहे, हे मला समजत नाही. चालत्या गाडीच्या आवाजाला काही काम असते. त्या आवाजाला काही काम नव्हते. अशा लोकांमुळेच हे रस्ते उद्या आम्हा सर्वांना बंद होतील, ही भीती मला खरोखर वाटते, आणि त्या थांब्यावर मला त्यांच्यातलीच एक समजून कोणी हात केला तेव्हा मी हात केला नाही.

दक्षिणेकडचा उतार लांब आणि उघडा आहे. वर लाल घारी फिरत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या ब्रिटनमध्ये त्यांच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या आणि त्या वेल्सच्या मध्यभागातल्या या दऱ्याखोऱ्यांतच तग धरून होत्या. उतरताना मी गिअरवर गाडी रोखत ब्रेक राखून वापरले, कारण शेजारी कोण बसले आहे ते मला ठाऊक होते.

ब्रिनामनच्या अलीकडे एका रुंद कडेला बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. पट्टा सोडून ते उतरले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि चारही चाकांशी क्रमाने जाऊन तळहात रिमपासून चार बोटे दूर धरून उभे राहिले. मग नाकाने वास घेतला. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास नव्हता. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"पुढची दोन्ही सारखी तापलीत," ते म्हणाले. "चांगलं चालवतेस."

मी परतीचा रस्ता सांगू लागले: खाली उतरून मोठ्या रस्त्याला लागलो की दोन तासांत घर. बाबा तोवर आत बसले होते आणि मांड्यांमधल्या पट्ट्यांची टोके बकलात घालत होते.

"त्याच वाटेने परत जाऊ," ते म्हणाले. "या बाजूने ते वळण उतरताना कसं लागतं ते बघायचंय."

मी गाडी वळवली. थांब्यावरचा तांडा निघून गेला होता. मेंढी आता रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गवतात बसली होती आणि कोकरे तिच्या पाठीवर चढून उड्या मारत होती. बाबांनी शर्टाच्या खिशातून घरून आणलेले रुपयाचे नाणे काढले, खिडकी खाली केली आणि वळणाच्या आतल्या बाजूच्या दगडांत टाकले.

"डावीकडून मोकळं आहे," ते म्हणाले.

मी दुसरा गिअर घेतला.