लेकीची शाळा आणि बुधवारचा भोंगा

नवऱ्याला फ्रान्समधल्या टुलूझच्या विमान कारखान्यात नोकरी लागली. शहरातली भाडी ऐकून आम्ही शेजारच्या जेर्स जिल्ह्यात एका खेड्यात बिऱ्हाड केलं. चर्च, मेरी (म्हणजे इथली ग्रामपंचायत), पावाचं यंत्र आणि पुढे नुसती सूर्यफुलं. बेकरी कधीच बंद पडलीय. यंत्रात नाणी टाकली की कोमट बगेत (इथला लांबट पाव) घसरत खाली येतो, पण सकाळी नऊनंतर गेलात तर हात हलवत परत.

लेक चार वर्षांची. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" चालत नाही. नाव आधी मेरीत नोंदवायचं, मग शाळेत. आमची मेरी उघडते बुधवारी आणि शुक्रवारी, तीही फक्त सकाळी.

मी पोचले पावणेबाराला. सचिवबाईंनी पत्त्याचा पुरावा मागितला, तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल. आम्हाला येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले, बिल कुठलं आणणार? कनेक्शनचं पत्र चालेल का, असं विचारतेय तोच बाहेर भोंगा वाजला. माझ्या पोटात गोळाच आला. बाई ढिम्म. "महिन्याचा पहिला बुधवार, बाराला धोक्याच्या भोंग्याची चाचणी असते," असं म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बोनापेती!" (म्हणजे जेवा सावकाश!) आणि दार बंद.

पुढच्या बुधवारी कनेक्शनचं पत्र चाललं. मग जन्मदाखला. पुणे महापालिकेचा, मराठी-इंग्रजी. बाईंनी शिरोरेघेवरून बोट फिरवलं. "ही रेघ आधी काढता की शेवटी?" शेवटी, म्हटलं. त्या खूश झाल्या, पण शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर आणाच म्हणाल्या. पैसे गेले ते गेलेच, वर दोन आठवडे.

खरी गोची लसींची झाली. २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना इथे तेव्हा अकरा लसी सक्तीच्या होत्या (२०२५ पासून ही यादी बदलली आहे). आमच्या कार्डात बीसीजी होती, जी इथे कुणी मागत नाही. मेनिंगोकोकल सी (मेंदूज्वरावरची एक लस) नव्हती, जी तेव्हा हवीच होती. मात्र लस राहिली म्हणून प्रवेश अडत नाही, तीन महिन्यांसाठी तात्पुरता मिळतो. हे मला सचिवबाईंनीच सांगितलं, नाहीतर मी रडायच्या बेतात होते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी बालआरोग्य केंद्र असतं. तिथल्या डॉक्टरांनी फुकटात लस टोचली आणि सगळ्या नोंदी फ्रेंच आरोग्यपुस्तिकेत उतरवून दिल्या.

शाळा आमच्या गावात नाहीच. तीन गावांनी मिळून वर्ग वाटून घेतलेत: छोटी मुलं एका गावात, मोठी दुसऱ्या. बस चर्चसमोरून सुटते.

अखेर एका मंगळवारी शाळेतलं नावही पक्कं झालं. दुसऱ्याच दिवशी लेकीला दप्तर अडकवून थांब्यावर उभी केली. आम्ही दोघीच. समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, बुधवारी शाळेला सुट्टी असते. नऊ वाजायचे होते. बगेत मिळाला.