हाय वूडला जाताय? जंगल सोडा, उतार बघा, आणि रविवारी तर जाऊच नका

हाय वूड म्हणजे उत्तर फ्रान्समधलं, लाँगव्हाल गावाजवळचं एक जंगल, पहिल्या महायुद्धातलं रणांगण. आधी तक्रार, मग कामाचं. आल्बेर स्टेशनबाहेर रविवारी सकाळी एकच टॅक्सी उभी होती, लाँगव्हाल गाव तिथून जेमतेम तेरा किलोमीटर, आणि बिल झालं ५८ युरो. मीटरवर डी असं अक्षर होतं, मी बघितलं आणि सोडून दिलं. नंतर कळलं की फ्रान्समधे टॅक्सीचे ए बी सी डी असे दर असतात, डी म्हणजे रविवार किंवा रात्र, आणि वर गाडी रिकामी परत जाणार त्याचेही पैसे आपल्याच बोडक्यावर. म्हणजे नियमाने बरोबर होतं, भांडायला पण जागा नाही. माझ्यासोबतचा लातूरचा मित्र दिवसभर माझ्याकडे बघून "डी" एवढंच म्हणत होता.

मी मूळचा हिंगोलीचा. आमच्याकडे रिसाला बाजार आहे, तिथे आयुष्यभर भाजी आणली पण रिसाला, म्हणजे घोडदळाची पलटण, कुठला हे कधी विचारलं नाही. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं घोडदळ हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे अंबाजोगाईला, औरंगाबादला छावण्या करून असायचं. १९०३ मधे ते रिसाले थेट इंग्रजांच्या हिंदी फौजेत घातले आणि त्यातल्या एकाचं नाव झालं २० वा डेक्कन हॉर्स. हा रिसाला पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला आणि १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत ७ व्या ड्रॅगून गार्ड्स या गोऱ्या रिसाल्याबरोबर हाय वूडच्या बाजूने भाले घेऊन घोड्यांवरून पुढे गेला. ब्रसेल्सला तीन महिने कंपनीच्या कामासाठी होतोच, म्हटलं जाऊन येऊ.

नाव डेक्कन म्हणून मराठे शोधायला जाऊ नका, मी तेच केलं. भरती होती दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट यांची. मराठी काही असेल तर ती पद्धत. हा रिसाला सिलादार होता, हा आपलाच शिलेदार, स्वतःचा घोडा आणि सामान घेऊन चाकरीला येणारा. पण फ्रान्समधे घोडे इतके मरायला लागले की स्वतःचा घोडा ही व्यवस्थाच कोलमडली आणि युद्धानंतर ती बंद केली.

आता फसलो कसा ते. कुणीतरी लिहिलं होतं "हाय वूडमधे निवांत फिरा, अजून खंदक दिसतात". खोटं. जंगल खाजगी आहे, तार आहे, प्रवेश बंदची पाटी आहे, आणि आत अजून हजारो सैनिकांची हाडं आणि न फुटलेले गोळे आहेत तेव्हा पाटी योग्यच आहे. कडेने चालता येतं, समोर लंडन सिमेटरी ही सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे थडग्यांचे दगड बघा. पण जंगलासाठी म्हणून जाल तर एक कुंपण बघून परत याल.

बघायचा आहे तो उतार, कारण घोडे जंगलात गेलेच नव्हते, ते गेले जंगल आणि लाँगव्हालच्या मधल्या उभ्या पिकातून. लाँगव्हालच्या उत्तरेला न्यूझीलंडचं स्मारक आहे, डांबरी गल्लीने जाता येतं, तिथून डावीकडे हाय वूड, मागे देलव्हिल वूड हे दुसरं जंगल, मधे सगळी उघडी शेतं. तिथे उभं राहिलं की पाच मिनिटांत डोक्यात बसतं. १४ जुलैच्या पहाटे ३:२५ ला इंग्रज पायदळाने हल्ला करून जर्मनांची पुढची खंदकांची रांग घेतली. दहाच्या सुमाराला हाय वूड जवळपास रिकामं होतं, इंग्रज अधिकारी पुढे चालत जाऊन बघून आले. पण पायदळाला सांगितलं थांबा, घोडदळ येतंय. घोडदळ मागे कार्नोयच्या खोऱ्यात, खंदक आणि खड्डे ओलांडत, घसरत, हुकुमाची वाट बघत. निघेपर्यंत संध्याकाळचे सात. तोवर जर्मन परत आलेले. मग पिकात लपलेल्या जर्मनांवर भाले चालवले, काही हात वर करून बाहेर आले, वरून एक इंग्रज विमान खाली येऊन पिकात गोळ्या झाडत शत्रू कुठेय ते दाखवत होतं. रात्री उतरून लाँगव्हाल ते हाय वूड रस्त्यालगत रांग धरली आणि पहाटे माघारी बोलावलं. हाय वूड शेवटी पडलं १५ सप्टेंबरला, दोन महिन्यांनी.

नेटवर वाचाल की मशीनगनने अख्खा रिसाला कापून काढला. तसं झालं नाही. पूर्ण ब्रिगेडचे, म्हणजे सोबतचे रिसाले धरून, मेलेले आणि जखमी मिळून सुमारे शंभर, मेलेले त्यातले थोडे, घोडे मात्र माणसांपेक्षा जास्त गेले. माझं मत विचाराल तर सवारांनी काम चोख केलं, माती केली ती सकाळपासून वाट बघण्यात गेलेल्या त्या आठनऊ तासांनी.

आता चिखल. स्मारकाकडून हाय वूडकडे शेतातून जाणारी मॅपवरची बारीक रेघ, ती घेऊ नका. परत लिहितो, घेऊ नका. बीट काढून नेलेलं होतं, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी, आणि ही माती खडू मिसळलेली, पांढुरकी, बुटाला लागली की पुढच्या पावलाला तिच्यावर अजून एक थर. शंभर पावलांत एकेक बूट दोन किलोचा. मित्र एका खड्ड्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि मला म्हणाला एवढ्या चिखलासाठी व्हिसा काढला होय रे? एक किलोमीटरला आम्हाला पाऊण तास लागला, आणि आमच्या अंगावर ना भाला, ना रायफल, ना खाली चारशे किलोचं जनावर. त्या वाटेवर एका विजेच्या खांबाला टेकवून ठेवलेला गंजका तोफगोळा होता, शेतकरी नांगरताना सापडला की असा कडेला ठेवतात, सैन्य येऊन नेतं. हात लावायचा नाही. चाकोरीत शिशाची एक गोळी दिसली, बोराएवढी, पांढरी पडलेली, तशीच सोडली.

बाकी पटपट. आल्बेरला आमियाँवरून लोकल गाडी अर्ध्या तासात येते, पण रविवारी गाड्या फार कमी, परतीची आधी बघा. लाँगव्हालला रविवारी खायला काही उघडं मिळालं नाही, पाण्याच्या दोन बाटल्या आणि चिवडा होता म्हणून निभावलं. सायकल मिळाली तर सर्वांत उत्तम. हाय वूडकडच्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि गाड्या जोरात. जुलैमधे जा, पीक उभं असतं, तेव्हाच खरा अंदाज येईल. आमियाँला एक दिवस होतो, कॅथेड्रल छान आहे.

आणि एक चूक करू नका. नावं इथे नाहीत. ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांची नावं साठेक किलोमीटर उत्तरेला न्यव-शापेलच्या भारतीय स्मारकावर आहेत, ४,७०० च्या वर. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, सोमवार होता, टॅक्सी कमी दरात. गोल भिंत, जाळी, मधे पंधरा मीटरचा खांब, दोन वाघ. खांबावर "परमेश्वर एक आहे, विजय त्याचाच" या अर्थाची ओळ चार लिपींत आहे, त्यात देवनागरी आणि गुरुमुखीही. तिकीट नाही. भिंतीवर नावं रिसाल्या-पलटणींप्रमाणे आहेत, रोमन लिपीत, तारखा नाहीत, म्हणून १४ जुलैचा कोण ते तिथे उभं राहून कळत नाही, सैनिकांच्या थडग्यांची आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज या संस्थेच्या साइटवरून यादी आधीच काढून न्या. मी नेली नव्हती. डेक्कन हॉर्सच्या खाली बोट फिरवत सवार, सवार, दफेदार असं वाचत गेलो आणि मागे मित्र बुटाचा तळ काठीने खरवडत बसला होता, तो कालचा चिखल अजून निघालेला नव्हता.